पायरेट्सच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

श्री. रॉबर्ट नटिंग, अध्यक्ष, पिट्सबर्ग पायरेट्स, यांसी



नॅशनल लीगमधील सर्वश्रेष्ठ पिचरला दरवर्षी दिला जाणारा साय यंग पुरस्कार २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या पॉल स्कीन्सला एकमताने मिळाला, आणि तेवीस वर्षांच्या या तरुणाच्या गौरवाने ज्या पिट्सबर्गवासीयांस मनःपूर्वक आनंद झाला, त्यांपैकी मीही एक आहे. परंतु तो आनंद ओसरण्यापूर्वीच ज्या प्रश्नाने आम्हांस घेरले तो आपल्याखेरीज अन्य कोणासही सोडविता येण्याजोगा नसल्यामुळे, आणि आपले घराणे वृत्तपत्रांच्या व्यवसायातले असल्याने छापील अर्जाची दखल घेण्याची रीत आपणांस परकी नसावी अशी माझी समजूत असल्यामुळे, हे अनावृत पत्र आपल्या नावे लिहीत आहे. ते मराठीत लिहिले आहे, कारण शिक्षणाच्या, वैद्यकीच्या आणि कारखानदारीच्या निमित्ताने या तीन नद्यांच्या नगरात येऊन राहिलेल्या माझ्या भाषाबंधूंनीही या प्रकरणात लक्ष घालावे, अशी माझी इच्छा आहे.

पिचरची योग्यता ज्या मापाने प्रामुख्याने जोखतात, ते माप म्हणजे दर नऊ इनिंगांमागे त्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिपक्षाला मिळालेल्या धावांची सरासरी. चांगल्या पिचरची ही सरासरी तीनच्या आसपास असते, आणि तीनच्या खाली हंगामभर राहणारे थोडेच. स्कीन्सची सरासरी २०२४ साली, म्हणजे त्याच्या पदार्पणाच्या वर्षी, १.९६ होती, २०२५ साली, जेव्हा प्रत्येक प्रतिस्पर्धी फलंदाज त्याचा अभ्यास करून मैदानात उतरत होता, तेव्हा ती १.९७ राहिली. त्याने त्या हंगामात ३२ सामन्यांत प्रारंभ केला आणि २१६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. एवढे करूनही त्याच्या नावापुढे दहा विजय आणि दहा पराजय अशी नोंद राहिली, आणि या एका नोंदीत आपल्या संघाची सारी अवस्था सामावलेली आहे. कारण १६२ सामन्यांत आपल्या फलंदाजांनी मिळून ५८३ धावा केल्या, ज्या तीसही संघांत सर्वांत कमी होत्या, आणि ११७ होम रन मारले, तेही तीसही संघांत सर्वांत कमी. होम रनांत आपल्या संघात अग्रेसर राहिलेल्या ओनील क्रूझचे वीस होम रन होते आणि त्याची फलंदाजीची सरासरी .२०० होती. ज्या मुलाने दोन वर्षे आपल्यासाठी असे चेंडू फेकले, त्याच्या पाठीशी आपण असा फलंदाजीचा क्रम उभा केलात, हे मला अत्यंत अनुचित वाटते. संघाने ७१ सामने जिंकले आणि ९१ गमावले. मे महिन्यात डेरेक शेल्टन यांस व्यवस्थापकपदावरून दूर करून त्यांच्या जागी डॉन केली यांची नेमणूक झाली, तेव्हा काही काळ आशा वाटली. परंतु ज्याच्या हाती फलंदाजच दिलेले नाहीत असा व्यवस्थापक त्यांची नावे वरखाली करण्यापलीकडे काय करू शकणार?

आता स्कीन्सच्या करारनाम्याच्या मुख्य विषयाकडे येतो, आणि जे वाचक या खेळाच्या कायद्याशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मेजर लीगमध्ये दाखल झालेल्या खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क सेवेची सहा वर्षे पुरी होईपर्यंत चालतो. त्यांपैकी पहिली तीन वर्षे बहुधा संघ देईल तो पगार त्याला मुकाट्याने घ्यावा लागतो, पुढील तीन वर्षे पगाराचा तंटा लवादापुढे नेण्याची मुभा असते, आणि त्यानंतर तो मोकळा होऊन इच्छेस येईल त्या संघाशी करार करू शकतो. एका हंगामात १७२ दिवस हजेरीपटावर राहिल्यास सेवेचे एक वर्ष धरले जाते. २०२३च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेल्या स्कीन्सला आपण ११ मे २०२४ रोजी वर आणलेत, त्यामुळे दिवसांच्या हिशेबाने त्याचे ते वर्ष पुरे भरले नसते; परंतु तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२२च्या कामगार-करारातील तरतुदीनुसार त्याला पूर्ण वर्षाची सेवा मंजूर झाली. म्हणजे २०२९चा हंगाम संपताच आपला हक्क संपुष्टात येईल. २०२६ धरून चार हंगाम उरतात. २०२५ साली त्याचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर होता, आणि त्याच्या योग्यतेचे अन्य पिचर प्रतिवर्षी तीन-चार कोटी डॉलर घेतात, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

हे चार हंगाम कसे सरतील याविषयीची आमची काळजी निराधार नाही, कारण हीच कथा आम्ही पूर्वी पाहिलेली आहे, आणि तिचा तपशील येथे क्रमाने मांडणे मला आवश्यक वाटते. २०११च्या निवडीत आपण पहिल्याच क्रमांकाने गेरिट कोल या पिचरला घेतलेत. जानेवारी २०१८मध्ये, तो मोकळा होण्यास दोन हंगाम बाकी असताना, आपण त्याला ह्यूस्टनकडे पाठविलेत आणि त्याच्या मोबदल्यात चार खेळाडू आणलेत, ज्यांत जो मसग्रोव्ह हा पिचर होता. कोलने २०१९ साली ह्यूस्टनसाठी ३२६ स्ट्राइकआउट केले, आणि त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्याच्याशी नऊ वर्षांचा, ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. इकडे मसग्रोव्ह चांगला पिचर झाला, तर जानेवारी २०२१मध्ये त्यालाही आपण सॅन डिएगोकडे धाडलेत. तेथे पाऊल ठेवल्यावर, त्याच एप्रिलात, त्याने त्या संघाच्या इतिहासातील पहिला नो-हिटर, म्हणजे प्रतिपक्षाला एकही हिट न दिलेला सामना, फेकला. मसग्रोव्हच्या मोबदल्यात जे तरुण आले त्यांत डेव्हिड बेडनार होता, याच नगराच्या उत्तरेकडील मार्स या गावचा मुलगा, जो पुढे आपला उत्तम क्लोजर, म्हणजे सामन्याची अखेर राखणारा पिचर, ठरला आणि ज्याच्यावर येथील प्रेक्षकांनी घरच्या मुलासारखे प्रेम केले. जुलै २०२५मध्ये त्यालाही आपण यांकीजना दिलेत आणि तीन होतकरू मुले घेतलीत. कोलपासून निघालेली ही वाट मसग्रोव्ह आणि बेडनार यांच्यामार्गे या तीन मुलांपर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि वाटेवरील प्रत्येक मुक्कामी आम्हांस एकच सांगण्यात आले की, भविष्यकाळासाठी हे करणे प्राप्त होते. मुदत भरताच रोख रक्कम न देता नवी हुंडी लिहून देणाऱ्या पेढीवर गिऱ्हाईक जितकी वर्षे विश्वास ठेवील, त्याहून पुष्कळ अधिक वर्षे आम्ही आपल्यावर ठेवला आहे.

आपल्या कारकिर्दीत सारेच निर्णय चुकीचे झाले असे मात्र मी म्हणणार नाही. अँड्र्यू मकचन याच्याशी मार्च २०१२मध्ये झालेला सहा वर्षांचा करार हा दूरदृष्टीचा होता. त्याने २०१३ साली लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळविला, आणि वीस वर्षांच्या सलग अपयशानंतर, जे अपयश उत्तर अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात अन्य संघाच्या वाट्यास आलेले नाही, त्या वर्षी पिट्सबर्गने पुन्हा ऑक्टोबरातील बेसबॉल पाहिले. मकचनला २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठविताना जो ब्रायन रेनल्ड्स मिळाला, त्याला २०२३मध्ये आठ वर्षांसाठी बांधून घेण्यात आले, हेही योग्यच झाले. २०१३, २०१४ आणि २०१५ या तीन हंगामांची आठवण या नगराला अद्याप आहे. परंतु २००७च्या जानेवारीत आपण संघाची मुख्य सूत्रे हाती घेतल्यापासून झालेल्या १९ हंगामांत हंगामोत्तर स्पर्धेपर्यंत पोहोचलेले हंगाम हेच तीन, ही गोष्टही त्या आठवणीशी जोडलेली आहे. आणि त्या तीन वर्षांचे मूळ, मकचनला तो ऐन भरात येत असताना दीर्घ मुदतीने आपलासा करून घेण्यात होते, हे आपण विसरलात काय, असे मला कधीकधी विचारावेसे वाटते.

लहान बाजारपेठेचे कारण आपल्या कचेरीतून वारंवार पुढे केले जाते. लॉस एंजेलिसचा पगारपट ३० कोटी डॉलरच्या वर गेलेला असताना आणि आपला त्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचत नसताना, या व्यवसायात समतोल नाही हे मान्य करावेच लागते, आणि त्याचा दोष मी आपल्या माथी मारीत नाही. परंतु प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा सामायिक निधीत जमा होऊन तो तीसही संघांत सारखा वाटला जातो, ही तरतूद पिट्सबर्गसारख्या नगरांसाठीच आहे. आणि २०१० साली वृत्तपत्रांच्या हाती लागलेल्या आपल्याच जमाखर्चावरून असे दिसून आले होते की, २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, ज्यांत संघाने अनुक्रमे ९४ आणि ९५ सामने गमावले, संघाचा नफा मिळून सुमारे २ कोटी ९४ लाख डॉलर होता. शिवाय आपल्यासारख्याच, किंबहुना आपल्याहून लहान नगरांचे दाखले समोर आहेत. कॅन्सस सिटीने फेब्रुवारी २०२४मध्ये बॉबी विट या आपल्या शॉर्टस्टॉपशी अकरा वर्षांचा, सुमारे २८ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला, आणि तो करार करताना विटच्या सेवेची अवघी दोन वर्षे झाली होती, जेवढी २०२५ अखेर स्कीन्सची झाली. क्लीव्हलंडने होसे रामिरेझला जाऊ दिले नाही. मिलवॉकीने तर २०२५ साली ९७ सामने जिंकून तीसही संघांत पहिला क्रमांक पटकाविला. पिट्सबर्गच्या संघाने २०२५ अखेरपर्यंत ज्याच्याशी सर्वांत मोठा करार केला तो रेनल्ड्स, आणि त्याची रक्कम १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर; म्हणजे कॅन्सस सिटीने एका खेळाडूसाठी जे धैर्य दाखविले, त्याच्या निम्म्यापर्यंतही आपण कधी गेलेला नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मी त्याचा आदरपूर्वक विचार केला आहे. विट शॉर्टस्टॉप आहे, स्कीन्स पिचर आहे. आणि ताशी शंभर मैलांच्या वेगाने चेंडू फेकणाऱ्याच्या कोपरातील स्नायुबंध कधी तुटेल हे कोणताही वैद्य सांगू शकत नाही. अटलांटाने स्पेन्सर स्ट्रायडरशी ऑक्टोबर २०२२मध्ये सहा वर्षांचा, साडेसात कोटींचा करार केला आणि एप्रिल २०२४मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. आपल्याच संघातील जॅरेड जोन्सवर मे २०२५मध्ये तीच वेळ आली. हे सर्व ध्यानात घेऊनही माझे मत असे आहे की, हीच नाजूक अवस्था दीर्घ कराराच्या बाजूची सर्वांत प्रबळ गोष्ट आहे. कारण जो धोका आपणांस भेडसावतो तोच त्या मुलालाही भेडसावीत असला पाहिजे, आणि अशा तुटपुंज्या पगारावर दोन हंगाम खेळून पुढील चार वर्षांची अनिश्चिती ज्याच्यापुढे आहे, निवडीच्या वेळी मिळालेले ९२ लाख डॉलर जमेस धरूनही, तो आज ज्या रकमेस मान्यता देईल तिला दोन वर्षांनंतर देणार नाही. बोस्टनने गॅरेट क्रोशेशी २०२५च्या आरंभी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला. स्कीन्सची किंमत याहून निश्चितच वरची आहे. माझ्या अल्पमतीने २०२६पासून आठ वर्षांचा करार त्याच्यापुढे ठेवावा, त्यात त्याच्या मोकळीकीची चार वर्षे विकत घ्यावीत, त्या चार वर्षांचा मोबदला बाजारभावाला शोभेल असा असावा, आणि पाच वर्षांनंतर इच्छा असल्यास बाहेर पडण्याची मुभा त्याला द्यावी. तो हा करार स्वीकारील की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. आपण देकार केला होता आणि तो खऱ्या रकमेचा होता, एवढे तरी या नगराला दिसले पाहिजे.

एकट्या पिचरने सामने जिंकले जात नाहीत, तेव्हा फलंदाजीच्या क्रमाविषयीही लिहिणे भाग आहे. आपल्या संघाच्या इतिहासात १ सप्टेंबर १९७१ या दिवसाला फार मोठे स्थान आहे. त्या दिवशी व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी फिलाडेल्फियाविरुद्ध जे नऊ खेळाडू उतरविले, ते सर्व कृष्णवर्णीय वा लॅटिन अमेरिकन होते. स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टार्जेल, सँगियेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि पिचर डॉक एलिस. मेजर लीगच्या इतिहासात असा क्रम पूर्वी कोणी लिहिला नव्हता. तो सामना १०-७ असा जिंकला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पायरेट्सनी बाल्टिमोरला हरवून जगज्जेतेपद मिळविले. मला त्या नावांच्या यादीत ज्या गोष्टीचे विशेष महत्त्व वाटते ती ही की, अशी यादी लिहिता येण्यासाठी संघाच्या दप्तरी अशी नऊ माणसे वर्षानुवर्षे निवडून, जोपासून आणि टिकवून ठेवलेली असावी लागतात. क्लेमेंटेला १९५४ साली डॉजर्सच्या ताब्यातून अवघ्या चार हजार डॉलरांत उचलणाऱ्या ब्रँच रिकी यांच्या पारखीपासून त्या क्रमाची घडण सुरू झाली होती. आज आपल्या व्यवस्थापकाने कागद पुढे ओढला, तर तिसऱ्या आणि चौथ्या जागी कोणाचे नाव लिहावे या विवंचनेतच त्याची सकाळ जात असेल. २०२५च्या हंगामापूर्वीच्या हिवाळ्यात चाळीस-पन्नास लाख डॉलरांच्या एकेका वर्षाच्या करारांवर उतरत्या वयाचे फलंदाज आणून ही उणीव भरून काढण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचे फळ ५८३ धावा हे होते. यंदा तो मार्ग पुन्हा धरू नये. पहिल्या बेसवर वा कोपऱ्यातील आउटफील्डमध्ये वर्षाकाठी पंचवीस होम रन मारू शकेल असे दोन फलंदाज, प्रत्येकी किमान तीन वर्षांच्या कराराने, आणणे ही संघाची आजची सर्वांत निकडीची गरज आहे, आणि त्यासाठी आपल्या विपुल तरुण पिचरांपैकी एखाद्यास सोडावे लागले तरी मी त्याला हरकत घेणार नाही.

कॉनर ग्रिफिनविषयीही एक विनंती आहे. २०२४च्या निवडीत नवव्या क्रमांकाने आलेल्या या मुलाने २०२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मायनर लीगच्या तीन पायऱ्यांवर खेळून .३३३ची सरासरी, २१ होम रन आणि ६५ चोरलेले बेस अशी कामगिरी केली. तो कधी वर येईल हे केवळ त्याच्या खेळाच्या तयारीवरून ठरावे. सेवेचे १७२ दिवस भरू नयेत म्हणून एखाद्या मुलाला काही आठवडे खाली ठेवणे कायद्यात बसत असेल, परंतु त्या आठवड्यांत त्याचे सहकारी जे सामने हरतात, ते कोणत्याही जमाखर्चात परत मिळत नाहीत.

आपल्या संघाने मोठे मन दाखविल्याची उदाहरणे मला आठवतात, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करतो. नोव्हेंबर २००८मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील भालाफेक करणाऱ्या दोन मुलांशी पायरेट्सनी करार केला; अमेरिकन संघाशी व्यावसायिक बेसबॉलचा करार करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाही, तथापि ज्या खेळाचे नावही त्यांनी काही महिन्यांपूर्वी ऐकले नव्हते त्या खेळात त्यांना ब्रेडंटनच्या सरावाच्या मैदानावर उभे करणारा संघ आमचा होता, याचे आम्हा भारतीयांस अप्रूप वाटले. उलट, २०२५च्या एप्रिलात आपल्या मैदानाच्या उजव्या बाजूच्या भिंतीवरील क्लेमेंटे यांचे २१ या अंकाचे चिन्ह झाकून तेथे मद्याची जाहिरात लावली गेली, तेव्हा जे दुःख झाले तेही सांगितले पाहिजे. ती भिंत त्यांच्या स्मरणार्थ एकवीस फूट उंच बांधलेली आहे. भूकंपग्रस्त निकाराग्वाकडे मदत घेऊन जाताना १९७२च्या अखेरच्या दिवशी विमान-अपघातात प्राणास मुकलेल्या त्या पुरुषाचे नाव या नगरात कोणत्या आदराने घेतले जाते, हे आपल्या कचेरीतील कोणालाच आठवू नये, ही साधी गोष्ट नव्हती. चिन्ह पुन्हा लावले गेले, त्याबद्दल आभारी आहे. परंतु मैदानाच्या बांधणीत सार्वजनिक खजिन्यातील रकमेचा मोठा वाटा असता, त्या मैदानावर काय ठेवावे आणि काय काढावे याविषयी प्रेक्षकांचे म्हणणे तक्रारीनंतरच ऐकले जावे, हे बरे नव्हे. त्याच हंगामाच्या पहिल्याच घरच्या सामन्यात संघ विकण्याची मागणी करणाऱ्या घोषणा झाल्या आणि तसा फलक ओढीत विमान मैदानावरून फिरले. मी त्या घोषणेत सामील नाही. मला संघ विकला जायला नको. मला तो आपल्याच हातून उभारलेला पाहावयाचा आहे.

शेवटी मुदतीचा मुद्दा. मालक आणि खेळाडू यांच्यातील सध्याचा कामगार-करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि नव्या करारात पगारावर कमाल मर्यादा येईल या आशेने काही मालक आपले मोठे निर्णय पुढे ढकलीत असल्याचे ऐकिवात आहे. आपण त्यांच्यासारखे थांबू नये. मर्यादा आली वा न आली, तरी त्या वाटाघाटींत महिनेच्या महिने जातील, आणि त्यांचा शेवट होईपर्यंत स्कीन्सच्या सेवेचे आणखी एक वर्ष पुरे झालेले असेल. मग त्याचा प्रतिनिधी लवादापुढे जो आकडा ठेवील, त्याच्या पुढे आजचा देकार स्वस्त वाटेल. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर ब्रेडंटनला हजर होतात. त्यापूर्वी आपण स्वतः, कोणा मुनिमास मध्ये न घालता, त्या तरुणास बोलावून घ्यावे, आठ वर्षांचा कागद त्याच्यापुढे ठेवावा, आणि त्याला उजव्या आउटफील्डच्या बाजूस नेऊन त्या एकवीस फुटी भिंतीशी संघाचे ऋण काय आहे ते सांगावे. त्याचे उत्तर काय येते याची वाट आम्ही पाहू. परंतु आपण विचारले की नाही, हे आम्हांस त्याआधी कळावे, इतकीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पिट्सबर्गचा एक मराठी प्रेक्षक